उणे तीन टक्के

काजलच्या अंगात उणे तीन टक्के चरबी आहे, असं संगणकाने दाखवलं तेव्हा मी आधी तिचं वजन तपासलं. चोवीस किलो. ते बरोबर होतं. काट्यावर तिला मीच उभं केलं होतं. मग तिला पाजलेल्या पाण्याचं माप पाहिलं, बाटलीवरचा क्रमांक पाहिला, आणि शेवटी सगळं गणित कागदावर हाताने केलं. कागदावरही उणे तीनच आलं.

काजल नऊ वर्षांची, आंजी (मोठी) गावची, चौथीत शिकणारी. तिच्या चोवीस किलोंपैकी जवळपास पावणेपंचवीस किलो हाडं, स्नायू, रक्त आणि पाणी, असा त्या आकड्याचा अर्थ होता. चरबीसाठी जागाच नव्हती, उलट पाऊण किलो कमी पडत होतं.

वर्ध्यातल्या एका लहान संशोधन केंद्रात मी काम करते. त्या जानेवारीत आमच्यापुढे एक साधा प्रश्न होता. खेड्यातल्या मुलांच्या अंगात चरबी किती आहे हे मोजायचं, तर कोणत्या पद्धतीने मोजावं? नुसतं वजन पुरत नाही. किडकिडीत दिसणाऱ्या मुलातही चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं आणि गुबगुबीत दिसणारं मूल स्नायूंनी भरलेलं असू शकतं. उन्हाळ्यानंतर हिंगणघाट भागातली दोनशे मुलं मोजायची होती. त्याआधी एकतीस मुलांवर तीन पद्धती ताडून पाहायच्या, असं ठरलं होतं.

पहिली पद्धत चिमट्याची. दंडाच्या मागची आणि पाठीवर खांद्याच्या हाडाखालची कातडी चिमटीत धरायची, म्हणजे स्नायू सोडून फक्त कातडी आणि तिच्याखालची चरबी. त्या घडीला कॅलिपर लावून जाडी वाचायची, आणि जाडीवरून सूत्राने टक्केवारी काढायची. मी हे तीन महिने शिकले. अजूनही एकाच मुलाच्या दंडावर मला तीन वेळा तीन आकडे येतात. शोभाबाईंना तिन्ही वेळा एकच येतो.

शोभाबाई आमच्या केंद्रात एकोणीस वर्षं हेच काम करतात. शिक्षण दहावीपर्यंत, वय चौपन्न. कॅलिपरला त्या चिमटाच म्हणतात आणि तो स्वतःच्या पिशवीत, जुन्या मफलरीत गुंडाळून ठेवतात. मूल घाबरलं की आधी स्वतःच्या दंडाला लावून दाखवतात. "हे पाह्य, मले दुखते का? अन् माह्या अंगावर त किती हाय! तुह्या अंगावर सापडली त तुहं नशीब." मूल हसतं, हात सैल पडतो, आणि तेवढ्यात त्यांनी आकडा वाचलेला असतो.

दुसरी पद्धत पायाच्या यंत्राची. अनवाणी उभं राहायचं. तळपायातून अगदी हलका, जाणवणारही नाही इतका वीजप्रवाह जातो, आणि शरीर त्याला किती अडवतं यावरून यंत्र दहा सेकंदांत टक्केवारी दाखवतं. त्याला कसबी हात लागत नाही.

तिसरी पद्धत या दोघींची परीक्षा घ्यायला. हायड्रोजनचा एक जड भाऊबंद असतो, ड्युटेरियम. तो असलेलं थोडंसं पाणी मुलाला पाजायचं. ते निरुपद्रवी असतं, चवीला साधंच. तीन-चार तासांत ते अंगातल्या सगळ्या पाण्यात मिसळतं. मग कापसाचा बोळा तोंडात फिरवून लाळ घ्यायची आणि ते जड पाणी किती पातळ झालं ते प्रयोगशाळेत मोजायचं. बादलीत मूठभर साखर टाकून चव घेतली तर बादलीत पाणी किती आहे याचा अंदाज येतो, तसंच हे. चरबीत पाणी जवळजवळ नसतं. त्यामुळे अंगातलं पाणी कळलं की चरबीवाचूनचं शरीर कळतं, ते वजनातून वजा केलं की चरबी उरते.

आणि काजलच्या बाबतीत काहीच उरलं नव्हतं.

आमचे प्रमुख डॉ. कृष्णकांत यांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्यापुढे माझाच तक्ता होता. पेन्सिलीने त्यांनी तो तीन भागांत कापला होता. आम्ही आंजीच्या शाळेत तीन दिवस मोजमाप केलं होतं, पहिल्या दोन दिवशी अकरा-अकरा मुलं आणि तिसऱ्या दिवशी नऊ.

"वेदश्री, पहिले दोन दिवस बघा," ते म्हणाले. "पाण्याची पद्धत आणि शोभाबाईंचा हात, फरक एखाद्या टक्क्याचा. उत्तम. पायाचं यंत्र मात्र सगळीकडे सहा टक्के कमी दाखवतंय."

"हो सर."

"आता तिसरा दिवस. काजलचा आकडा सोडला तर यंत्र पाण्याशी जुळलं. आणि शोभाबाई सात-आठ टक्के जास्त. नऊच्या नऊ मुलांत जास्तच, काजलमध्ये तर बावीस."

मी तक्ता पाहत राहिले. मला काजलचाच आकडा दिसत होता.

"यंत्र तिन्ही दिवस तेच होतं," ते म्हणाले. "पाण्याची पद्धत तर आपली कसोटीच. बदलण्यासारखं एकच होतं, माणसाचा हात. त्या आकडा वाचताना चिमटा हातभर लांब धरतात, तुम्ही पाहिलंय ना?"

मी पाहिलं होतं. गेल्या वर्षापासून शोभाबाई काटा जवळून वाचत नव्हत्या.

"माझा त्यांच्यावर राग नाही. एकोणीस वर्षं काम केलंय. पण दोनशे मुलं मोजायची, आणि हात कोणत्या दिवशी थकेल सांगता येत नाही, हे चालणार नाही. यंत्र कमी दाखवतं, तर ते ठरावीक कमी दाखवतं, सुधारता येईल. हिंगणघाटला यंत्रच नेऊ. शोभाबाईंना इथे फॉर्म तपासायला बसवू."

"आणि काजल, सर? उणे तीन?"

"तो आकडा काढून टाका. एखादा असा येतोच."

"सर, मला आठवडाभर द्या."

"कशासाठी?"

"उणे तीन कुठून आले ते पाहायचंय," मी एवढंच म्हणाले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सोमवारपर्यंत, असं सांगितलं.

बाहेर बाकावर शोभाबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"माहा हात चुकला म्हनून राह्यले न सर?"

"तिसऱ्या दिवशीचे आकडे जुळत नाहीत, शोभाबाई."

"किती लेकरांचे?"

"नऊ. काजलचा तर उणे तीन आलाय."

"नऊच्या नऊ?" त्या आपला उजवा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत म्हणाल्या, "डोया थोडा कमी झाला मॅडम, खोटं काऊन बोलू. पन काटा दिसत नसन त मी दोनदा पाह्यतो. चिमटीत काय आलं ते त बोटालेच समजते. त्या काजलच्या दंडावर आठ मिलिमीटर होतं. आठ म्हंजे आठ."

"फॉर्म तपासायचं काम चालेल का तुम्हाला?" मी विचारलं, आणि विचारायला नको होतं हे लगेच कळलं.

"फॉर्म काय, कोनीबी तपासते," त्या म्हणाल्या. "मले सांगा, लेकराले हात न लावता लेकरू कसं समजाचं?"

त्या संध्याकाळी मी पुन्हा वह्या काढल्या. पाणी पाजल्यावर प्रत्येक मुलाची लाळ आम्ही दोनदा घेतो, तिसऱ्या तासाला आणि चौथ्या तासाला. एव्हाना जड पाणी अंगभर सारखं मिसळलेलं असतं, म्हणून दोन्ही आकडे सारखे यावे लागतात. आमच्या तक्त्यात दोन्हींची सरासरी होती. मी सरासरी मोडून मूळ आकडे शेजारी शेजारी लिहिले.

पहिल्या दोन दिवसांच्या बावीस मुलांत तिसरा आणि चौथा तास सारखे होते. शंभरात एखाद्याचा फरक.

तिसऱ्या दिवशीच्या नऊ मुलांत एकाचाही मेळ बसत नव्हता. कुणाचा तिसरा तास पातळ, कुणाचा चौथा.

मी पेन खाली ठेवलं. मुलाने पाणी सांडलं असतं, अर्धं टाकून दिलं असतं, तर दोन्ही वेळा लाळ सारखीच पातळ यायला हवी होती. बादलीत साखर कमी पडली तर प्रत्येक चमचा सारखाच फिका लागतो. इथे एक चमचा गोड आणि तासाभराने दुसरा फिका, असं झालं होतं. म्हणजे बादली ठीक होती. गडबड चमच्यात होती.

चमचा म्हणजे तोंड.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली, आणि तिने मी जरा अस्वस्थ झाले. पाणी पाजल्यावर तासाभराने आम्ही मुलांना एक लहान वाटी पोहे देत होतो. पहिल्या दोन दिवशी कापसाचे बोळे हळदीने किंचित पिवळे निघाले होते. बोळा चावून चावून पुरेशी लाळ यायला तीन-तीन मिनिटं लागत होती. तिसऱ्या दिवशी बोळे पांढरेशुभ्र निघाले, मिनिटाभरात ओले झाले आणि आम्ही वीस मिनिटं लवकर उरकलं. वहीत मी लिहून ठेवलं होतं, "नमुने स्वच्छ. काम सुरळीत." सुरळीत या शब्दाखाली रेघही ओढली होती.

मुलांनी चोरून पाणी प्यायलं असावं, असा मी अंदाज केला. तिसऱ्या दिवशी वर्गखोली दुसऱ्या वर्गाला लागणार होती, म्हणून मुलांना आम्ही मागच्या ओसरीवर बसवलं होतं. तिथून नळ चार पावलांवर होता. माझं टेबल कोपऱ्याच्या अलीकडे, त्यामुळे ओसरी मला दिसत नव्हती. मुलांजवळ शोभाबाई होत्या, आणि त्यांनी कुणाला पाणी पिऊ दिलं असेल असं वाटत नव्हतं. पण नऊ मुलं आणि दोन डोळे, त्यात एक अधू.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी आर्वीच्या रस्त्याने माझ्या स्कूटरवर आंजीला गेलो. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली पऱ्हाटी उभी होती. शोभाबाई मागे पिशवी सांभाळत बसल्या होत्या. गाव आलं तेव्हा म्हणाल्या, "पोट्ट्यांनी पानी पेलं असन, त मी राखन करत होतो. म्हंजे तेबी माह्यावरच आलं न मॅडम?"

काजलच्या घरी अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. तिचे आजोबा डोमाजी खाटेवर बसून होते. आई रूपालीने सतरंजी टाकली, पाणी आणलं. मी येण्याचं कारण सांगितलं. उणे तीनचा आकडा सांगायचा की नाही, याचा विचार करत होते, पण शोभाबाईंनी तो सांगूनच टाकला.

"मायनस?" डोमाजी खाटेवर सरसावून बसले. "बाप्पा! आमच्या आंजीत थंडी बी कधी मायनसात गेली नाई, अन् या पोट्टीची चरबी गेली?"

"मामाजी, तुमी चूप बसा न," रूपाली हसू दाबत सासऱ्यांना म्हणाली. "मॅडम, पोरीले काही झालं त नाई?"

"तिला काही झालेलं नाही. आमच्या मोजण्यात काहीतरी झालंय."

काजल दाराआडून ऐकत होती. ती बाहेर आली ती थेट माझ्यासमोर. दोन वेण्या, गुडघ्यावर खपली धरलेलं खरचटणं. दंड बारीक होते, पण कोपराच्या वर गोलाई होती. उणे तर नक्कीच नव्हतं काही.

"मायनस म्हंजे शून्याच्या मांगं न?" तिने विचारलं. "मंग मी शून्याच्या मांगं कशी गेली?"

"तेच तुला विचारायला आले. आपण शाळेत ते पाणी प्यायलो होतो, आठवतं?"

"हो. नळीनं. अन् मंग बाटली धुऊन ते बी पेलं. तुमीच पाजलं."

"सगळं?"

"सगळं. निकेशनं थोडं सांडलं होतं त तुमी त्याच्या शर्टावरचं बी टिपून मोजलं." हे खरं होतं.

"आणि पोहे खाल्ल्यानंतर? मधे साधं पाणी प्यायलीस? तहान लागली असेल. मी रागावणार नाही."

"नाई."

"एखादा घोट?"

"नाई मॅडम. देवाशपथ. घोट बी नाई." तिने गळ्याची कातडी चिमटीत धरली. तिची चिमटी सुरेख होती, हे मी उगीचच नोंदवलं.

मूल खोटं बोलतंय असं मला वाटेना, आणि खरं बोलतंय तर माझा अंदाज मोडत होता. काय करावं कळेना तेव्हा मी पिशवीतून कापसाचा बोळा आणि रिकामी बाटली काढली. "काजल, त्या दिवशी जसं केलं अगदी तस्संच मला करून दाखव. पोहे खाऊन झालेत, तू ओसरीवर बसलीयस. आता मी तुझं नाव पुकारते."

तिला खेळ आवडला. ती तुरीच्या शेंगांपलीकडे जाऊन मांडी घालून बसली, शाळेत बसतात तशी, तोंडावर बोट ठेवून.

"काजल डोमाजी..." मी चुकून आजोबांचं नाव घेतलं.

"बापाचं नाव रूपराव हाय," खाटेवरून दुरुस्ती आली.

"काजल रूपराव!"

ती उठली. माझ्याकडे न येता अंगणाच्या कोपऱ्यातल्या रांजणाकडे गेली. तांब्यात पाणी घेतलं, तोंडात घेऊन गाल फुगवले, खळखळ केली, तुळशीच्या बाजूला नालीत थुंकली. पुन्हा एकदा तसंच. मग ओढणीने ओठ पुसून माझ्यासमोर आली आणि शहाण्यासारखा आ केला.

मी बोळा तसाच खाली घेतला. काजलने आ मिटला. "पेली नाई मी," ती म्हणाली. "चूळ भरली. चूळ म्हंजे पेनं नाई होत."

"नाही होत," मी म्हणाले. "दोन्ही वेळा भरली होतीस?"

"सगळ्यांनी भरली. शोभाबाईनं सांगतलं होतं."

मी मागे वळून पाहिलं. शोभाबाईंनी पदर तोंडाशी नेला होता.

"पोह्याचं उष्टं तोंड होतं न मॅडम," त्या हळू म्हणाल्या. "तुमी बोटानं कापूस घालाच्या त्यात. हळदीचं, शेंगदान्याचं उष्टं तसंच कसं पुढं कराचं? कसं दिसते ते? पहिल्या दोन दिवशी वर्गात तुमच्या पुढ्यात बसले होते पोट्टे, तवा मले सुचलं नाई. तिसऱ्या दिवशी नळ जवळ होता त म्हटलं, जा, चूळ भरून मॅडमपाशी जा. खाऊ-पिऊ नका सांगतलं होतं तुमी. मी कोनाले घोट बी पिऊ नाई देल्ला. फक्त चूळ."

"बरोबरच हाय न मंग," डोमाजी म्हणाले. "उष्ट्या तोंडानं कोनी डॉक्टरीनबाईपुढं जाते का?"

मला हसू आलं आणि लगेच ओसरलं. आम्हाला लाळच हवी होती. जे उष्टं शोभाबाईंनी मुलांकडून धुऊन घेतलं, नेमकं तेच मोजायला आम्ही तिथे बसलो होतो. चूळ भरल्यावर गालात, जिभेखाली थोडं पाणी राहतंच. मी मनात हिशेब केला. काजलचा बोळा पिळून दोन मिलिलिटर लाळ मिळाली होती. तिच्यात सात-आठ थेंब नळाचं पाणी असलं, तरी अंगात साडेतीन-चार लिटर पाणी जास्त असल्याचा भास झाला असता. तेवढं पुरे होतं.

"मंग माहा हात?" शोभाबाईंनी विचारलं.

"हात बहुतेक बरोबर होता. सिद्ध करावं लागेल."

"हात बरोबर अन् अक्कल चुकली." त्या सतरंजीवर बसल्या. "सरले सांगाल?"

"सांगावं लागेल."

"हो. सांगाच लागन." बोटं पुन्हा एकमेकांवर घासायला लागली. "हात थकला म्हनत होते तवा फॉर्मवर बसवत होते. आता नऊ लेकरांचा माल नासवला म्हटल्यावर फॉर्मवर बी नाई बसवनार."

रूपालीने चहा आणला. काजल बाजूला बसून बोळा स्वतःच्याच गालात फिरवून बघत होती. "थुका उष्टाच असते न," ती स्वतःशीच म्हणाली. "मंग धुवून काय राह्यते?"

रविवारी केंद्रात मी स्वतःवर प्रयोग केला. मापाने जड पाणी प्यायले, तीन तास थांबले, कोरड्या तोंडाने लाळ घेतली. मग दोनदा चूळ भरली आणि लगेच पुन्हा लाळ घेतली. मुलांचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत जातात, पण हे दोन मी केंद्रातल्याच लहान यंत्रावर मोजले. दुसरा नमुना पहिल्याहून पाचव्या हिश्श्याने पातळ निघाला. त्या आकड्यांवरून माझ्या स्वतःच्या अंगातली चरबी एका चुळीत एकतीस टक्क्यांवरून चौदावर आली. एवढ्या लवकर कुणी बारीक झालं नसेल.

सोमवारी मी डॉ. कृष्णकांतांसमोर दोन पानं ठेवली. एकावर तिसऱ्या आणि चौथ्या तासाचे आकडे, दुसऱ्यावर माझा प्रयोग. त्यांनी दोन्ही शांतपणे वाचली. चूळ कुणी भरायला लावली ते मी लिहिलं होतं, तोंडीही सांगितलं.

"सूचनेत चूळ भरू नये असं लिहिलं होतं का?"

"नव्हतं सर. खाऊ नये, पिऊ नये, एवढंच होतं. सूचना मी लिहिली होती."

"मी सही केली होती," ते म्हणाले. थोडा वेळ त्यांनी पेन्सिल बोटांत फिरवली. "म्हणजे तिसऱ्या दिवशी कसोटीच चुकली, आणि यंत्र तिच्याशी योगायोगाने जुळलं. आणि मी यंत्राला हुशार ठरवलं."

"असं दिसतंय. पण शोभाबाईंचा हात बरोबर होता हे अजून सिद्ध नाही. त्यांचा त्या दिवशीचा हात ताडून पाहायला कसोटीच उरली नाही."

"मग?"

"नऊ मुलं पुन्हा मोजावी लागतील. तिन्ही पद्धतींनी. शोभाबाईंचे जुने आकडे तुमच्याकडे पाकिटात बंद ठेवा. त्यांना ते पाठ असतील असं नाही, पण ठेवा."

"आणि त्यांचे डोळे तपासून घ्या. चष्मा बदलायला हवा."

"तपासून घेऊ. पण मोजणी जुन्याच चष्म्याने व्हायला हवी, सर. नाहीतर तुलना बिघडेल."

ते हसले. हे शोभाबाईंना सांगितलं तेव्हा त्या मात्र हसल्या नाहीत. "म्हंजे नवा चष्मा घेऊन डब्यात ठेवू अन् आंधळ्यावानी मोजू?"

"एकच दिवस."

"बरं बाप्पा. तुमचं शास्त्र."

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा आंजीला गेलो. मुलांच्या अंगातलं आधीचं जड पाणी एव्हाना निघून गेलेलं असतं. जे किंचित उरतं ते पाजण्याआधीच्या लाळेवरून कळतं. शोभाबाईंनी सकाळी नऊही मुलांचे दंड आणि पाठी मोजल्या. काटा हातभर लांब धरून, प्रत्येक जागी तीनदा. आकडा त्या मोठ्याने सांगत आणि मी लिहीत असे. तिसऱ्यांदा सांगताना आवाज थोडा चढे. काजलच्या दंडाला त्यांनी चिमटा लावला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "आठ." मग, "आठ." मग थोडं थांबून, चष्मा नाकावर वर सरकवून, "आठ."

पोहे झाल्यावर त्या ओसरीवर गेल्या. मी टेबल सरकवून अशा जागी ठेवलं होतं की नळ मला दिसावा. पण त्याची गरज पडली नाही. शोभाबाईंनी नळाच्या तोंडावर चिमट्याची मफलर गच्च बांधली आणि स्वतः त्याच्यासमोर पाट टाकून बसल्या. एका मुलीने विचारलं, "बाई, तोंड पिवळं झालं, धुवू का?" तर म्हणाल्या, "पिवळंच ऱ्हाऊ दे. मॅडमले तुह्या उष्ट्याचंच काम हाय."

बोळे पिवळे निघाले. प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं लागली.

प्रयोगशाळेचे आकडे यायला बारा दिवस लागले. मी आधी तिसरा आणि चौथा तास शेजारी लिहून पाहिले. सगळे सारखे. मग गणित केलं. मग डॉ. कृष्णकांतांनी पाकीट उघडलं आणि जुने आकडे वाचून दाखवले. आम्ही दोघांनी मिळून तक्ता भरला. पायाचं यंत्र पुन्हा सहाच्या आसपास कमी. शोभाबाईंचा हात, जुना आणि नवा, नऊपैकी आठ मुलांत पाण्याशी दीड टक्क्याच्या आत. नवव्यात, निकेशच्या बाबतीत, पाच टक्के जास्त, आणि दोन्ही वेळा जास्त.

"हिंगणघाटला हात नेऊ," डॉ. कृष्णकांत म्हणाले. "यंत्रही नेऊ, पण हाताच्या मागे. आणि त्यांना सांगा, नवा चष्मा आता लावा."

मी तिथूनच शोभाबाईंना फोन केला. त्या कुठल्या तरी लग्नात होत्या, मागे सनई वाजत होती.

"शोभाबाई, आकडे आले."

"काजलचे सांगा आधी. पोरीची चरबी आली का वापस?"

"आली. अठरा टक्के."

"अन् माह्या चिमटीत किती होती?"

"एकोणीस."

"मंग?" त्या कुणाला तरी, थांब न माय, असं म्हणाल्या. "मंग मी हिंगनघाटले?"

"तुम्ही हिंगणघाटला. चिमटा घेऊन, नवा चष्मा लावून."

मग मी बाकीचंही सांगितलं, कारण सांगायलाच हवं होतं. "आठ मुलांत तुमचा हात बरोबर आहे. निकेशच्या बाबतीत पाच टक्के जास्त. दोन्ही वेळा."

"निकेश?" आवाज एकदम मोठा झाला. "तो पोट्टा हलते मॅडम! चिमटी धरली का गुदगुल्या होतेत त्याले. त्याच्या दंडाले हात लावला का सगळा पोट्टा आवळून येते. आंजीले चाला एकदा, मी दाखवतो तुमाले."

"दोन्ही वेळा तेवढाच हलला?"

त्यांनी उलट विचारलं, "दोन्ही वेळा पाचच जास्त?"

"पाचच."

"हलला असता त कमीजास्त आलं असतं," शोभाबाई सावकाश म्हणाल्या. "मंग त्याच्यात काहीतरी येगळंच हाय. कवा जाचं आपन?"